आधाराचे शब्द व आधाराची निगा

शेतकऱ्यांचा कोणताही मेळावा असो, व्यासपीठावर कोणीही पाहुणा बोलावयास उभा राहो, त्याच्या भाषणांत एक वाक्य हमखास येतें: “शेतकरी हा देशाचा कणा आहे.” टाळ्या पडतात, पाहुण्यास हार घालण्यांत येतो आणि मंडळी आपापल्या गांवीं परततात. बाजारभाव काल होता तोच आज असतो. विहिरीचें पाणी जेथें होतें तेथेंच असतें. वस्तुतः या वाक्यांत खोटें असें कांहींच नाहीं. मग तें ऐकून शेतकऱ्याच्या पदरांत कांहीं पडत कां नाहीं, याचा थोडा विचार करावा असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

हें वाक्य मूळ इंग्रजी वळणाचें आहे. ज्यावर सारी भिस्त आहे अशा वस्तूस किंवा माणसास त्या भाषेंत ‘मेनस्टे’, ‘शीट अँकर’, ‘लिंचपिन’, ‘बॅकबोन’ अशीं अनेक नांवें आहेत. वर्तमानपत्रांतून व सरकारी अहवालांतून तीं आपल्या नजरेस नेहमीं येतात, आणि त्या सर्वांचें भाषांतर आपण ‘कणा’ किंवा ‘आधारस्तंभ’ या दोन शब्दांत उरकून टाकतों. परंतु यांपैकीं बहुतेक शब्द सभेंत जन्मलेले नाहींत. ते गलबतावर व गाडीखालीं जन्मले. ते कामाच्या वस्तूंचीं नांवें आहेत, आणि ती वस्तु वापरणाऱ्यास तिची निगा राखल्यावांचून गत्यंतर नव्हतें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, इंग्रजीकडून आपण स्तुति तेवढी घेतली. निगा मागावयाची मात्र विसरलों.

प्रथम ‘मेनस्टे’ घेऊं. शिडाच्या जहाजावर जी मुख्य डोलकाठी असते, तिच्या वरच्या भागापासून पुढच्या बाजूस खालीं ओढून बांधलेल्या जाड दोराचें हें नांव. डोलकाठी कितीही भक्कम असली तरी वाऱ्याच्या दाबानें ती मागें कलंडूं नये म्हणून हा दोर तिला पुढून धरून ठेवतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजींत आलंकारिक अर्थानें वापरूं लागले. त्यापूर्वीं सुमारें तीनशें वर्षें तो खलाशांचाच शब्द होता. खलाशी या दोराचें काय करीत, तें पाहण्यासारखें आहे. दोर उत्तम वाखाचा वळलेला असे. तो कुजूं नये म्हणून त्यास डांबर पाजीत. जेथें घांसत असे तेथें त्यावर गुंडाळी चढवीत. ढिला पडल्यास पुन्हां ताण देत. झिजलेला दोर तसाच ठेवून नुसती त्याची वाखाणणी करणारा कप्तान समुद्रावर फार दिवस टिकला नसता.

या शब्दांत आणखीही एक बोध आहे. ‘मेन’ म्हणजे मुख्य. आणि मुख्य म्हटलें कीं दुसरे आहेतच. डोलकाठीस दोन्ही अंगांनीं व मागूनही दोर असत. एकट्या दोरावर ती कोणी उभी करीत नसे. हें जेथें विसरलें गेलें तेथें काय झालें, याचा दाखला आयर्लंड देशाचा आहे. तेथील गरीब कुळांचें पोट जवळ जवळ एकट्या बटाट्यावर चाले. जें धान्य पिके तें बहुधा खंड भरण्याकरितां विकावें लागे. १८४५ सालीं बटाट्यावर करपा पडला, आणि पुढील कांहीं वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें उपासमारीनें व रोगानें मेलीं. जवळ जवळ तितकींच देश सोडून गेलीं. सगळें शिवार एकाच पिकाखालीं आणून, मग तें सोयाबीन असो, ऊंस असो कीं कापूस, “हाच आमचा आधार” असें म्हणणाऱ्या आपल्या बांधवांनीं हें ध्यानांत धरावें.

आतां ‘अँकर’ पाहूं. जहाजाच्या अँकरला मराठींत नांगर म्हणतात. शेतांतला नांगर संस्कृत ‘लांगल’ शब्दापासून आला व गलबताचा नांगर फार्सी ‘लंगर’ शब्दापासून. दोघांचीं कुळें वेगळीं, परंतु मराठींत येऊन दोघे एका नांवाचे झाले. ‘शीट अँकर’ म्हणजे जहाजावरील मोठा राखीव नांगर. तो रोज टाकावयाचा नसे. वादळांत बाकीचे नांगर धरीनासे झाले म्हणजे तो शेवटचा भरवसा. २०२०-२१ सालीं महामारींत आपल्या देशानें हा नांगर टाकला. त्या वर्षीं कारखानदारी व इतर व्यवसाय यांचें उत्पादन घटलें. शेतीचें मात्र वाढलें. शहरांतून लोक पायीं चालत गांवीं आले आणि गांवानें त्यांस पोटांत घेतलें. २०१८-१९ सालीं देशांतील काम करणारांपैकीं शेकडा ४२ ते ४३ लोक शेतींत होते. २०२०-२१ सालीं हें प्रमाण शेकडा ४६ च्याही वर गेलें. शेतीस शेवटचा नांगर म्हणणें त्या वर्षीं अगदीं अक्षरशः खरें ठरलें.

परंतु नांगर धरतो तो आपल्या एकट्याच्या बळावर नव्हे. खालीं चांगला तळ लागतो, आणि वर जहाजापर्यंत साखळी शाबूत लागते. उघड्या खडकावर कितीही जड नांगर टाकला तरी तो नुसता घसटत जातो. शेतीचा तळ म्हणजे जमिनीचा कस आणि भूगर्भांतलें पाणी. हे दोन्ही दरसाल खालावत असतां वादळांत शेती देशाला धरून ठेवील, अशी खात्री कोणत्या आधारावर द्यावी? आणि वादळ शमल्यावर त्या नांगराची साखळी कोणी तपासली काय?

‘लिंचपिन’ हा शब्द आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. गाडीचें चाक आंसावरून निसटूं नये म्हणून आंसाच्या टोकाशीं जी खीळ बसवितात, तीच ही. निरनिराळ्या भागांत तिला निरनिराळीं नांवें आहेत. भार आंस वाहतो, फिरण्याचें काम चाक करतें, ओढण्याचें काम बैल करतात. खीळ यांतलें कांहींच करीत नाहीं. ती केवळ जागेवर असते. पण उतारावर ती पडली म्हणजे काय होतें, हें ज्यानें एकदां पाहिलें आहे तो जन्मभर विसरत नाहीं. दशरथाच्या रथाची खीळ निघाली असतां कैकेयीनें तेथें आपला हात घातला, ही कथा आपल्याकडे घरोघर सांगतात. त्या कथेंतही राजास ही गोष्ट मागाहून कळते. खिळीचा स्वभावच असा आहे. ती जाईपर्यंत तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. या मुद्द्याकडे आम्ही पुन्हां येणार आहों.

आतां प्रत्यक्ष ‘बॅकबोन’, म्हणजे आपला कणा. गाडीच्या आंसालाही कित्येक ठिकाणीं कणाच म्हणतात. आणि वंगण न घालतां आंसावर भार लादणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाहीं. शरीराच्या कण्याचीही तीच गोष्ट. तो सारें शरीर सांवरून धरतो हें खरें. पण त्यास अन्न शरीराच्या इतर भागांनीं पुरवावें लागतें. हात घांस उचलतो, पोट तो पचवितें, हृदय रक्त पोंचवितें, तेव्हां कणा ताठ राहतो. ज्या शरीरांत कण्यानें भार वाहावा आणि पोषण मात्र इतरांनींच घ्यावें, तें शरीर रोगी समजावें. आतां हिशेब पाहा. २०२३-२४ सालच्या सरकारी पाहणीप्रमाणें देशांतील काम करणारांपैकीं शेकडा ४६ लोक शेतींत व तिच्या जोडधंद्यांत आहेत. आणि देशाच्या उत्पन्नांत या सर्वांचा वांटा पांचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. जवळ जवळ अर्धे हात राबतात, आणि ताटांत पांचवा हिस्साही पडत नाहीं. कणा म्हणण्याचा अधिकार वक्त्यास खुशाल असो. पण वाक्याच्या पुढच्या अर्ध्यांत त्यानें हा आंकडा सांगावा, एवढीच आमची विनंति आहे.

इंग्रजींत खुद्द शेतीस जो ‘फार्म’ शब्द आहे, त्याची कुळकथा याहूनही बोधप्रद आहे. त्याचें मूळ लॅटिन भाषेंतील ‘फर्मुस’, म्हणजे स्थिर, पक्कें. वाचकांस वाटेल कीं, जमीन स्थिर, शेतकरी स्थिर, म्हणून हें नांव पडलें असावें. तसें नाहीं. स्थिर होता तो खंड. ठराविक रक्कम भरण्याचा जो करार, त्यास ‘फर्मा’ म्हणत. अशा करारानें घेतलेली जमीन तें ‘फार्म’. आरंभीं ‘फार्मर’ हा नांगर धरणारा नसून आपल्याकडील इजारदारासारखा वसूल गोळा करणारा होता. म्हणजे या शब्दांत स्थैर्य आहे, पण तें घेणाऱ्याचें आहे, देणाऱ्याचें नव्हे.

हें केवळ शब्दांचें पांडित्य नव्हे. आपल्या दख्खनच्या शेतकऱ्यानें तें अनुभवलें आहे. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून विंगेट व गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनीं जी जमाबंदी सुरू केली, तिच्यांत सारा तीस वर्षांकरितां रोख रकमेंत ठरविला होता. आरंभीं आकार हलका केला होता आणि पडीक जमिनी लागवडीस आल्या, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु पाऊस कमी पडो कीं अधिक, भाव चढो कीं उतरो, रक्कम ठरलेली ती ठरलेली. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या वेळीं, म्हणजे १८६१ ते १८६५ च्या दरम्यान, कापसाचा भाव चढला व कर्ज सहज मिळूं लागलें. युद्ध संपतांच भाव कोसळला. आणि त्याच सुमारास मुदत संपलेल्या तालुक्यांतून सारा वाढविण्यांत आला. सारा स्थिर, कर्ज स्थिर, उत्पन्न तेवढें अस्थिर! त्याचा शेवट १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं झाला. सावकारांचे रोखे व खतें लोकांनीं जाळलीं, आणि तो वणवा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील गांवोगांव पसरला. १८७९ सालीं सरकारास दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. स्थैर्य कोणाचें, हा प्रश्न वेळीं विचारला नाहीं म्हणजे तो असा विचारला जातो.

आपल्या कापूसवाल्या बांधवांच्या तोंडीं असलेला ‘स्टेपल’ हा शब्दही असाच आहे. वऱ्हाड-खानदेशांत लाँग स्टेपल, शॉर्ट स्टेपल हे शब्द शाळेंत न गेलेल्या शेतकऱ्यासही ठाऊक आहेत. इंग्रजींत मुख्य अन्नास व मुख्य पिकासही ‘स्टेपल’ म्हणतात. या शब्दाचें जें जुनें जर्मन कूळ, त्यांत त्याचा अर्थ खांब असा होता. पुढें त्याच कुळांतून ठराविक मालाच्या बाजारास हें नांव आलें, आणि बाजारावरून तेथें विकल्या जाणाऱ्या मुख्य मालास. खांब, बाजार, पीक हे तिन्ही अर्थ एका शब्दांत येतात. पीक आधार व्हावयाचें असेल तर बाजारही खांबासारखा ताठ व एका जागीं उभा पाहिजे, हा अर्थ त्यांतून कोणी काढील तर तो चुकीचा होणार नाहीं.

हा खांब आपल्या खळ्यावरही होता. मळणीच्या वेळीं खळ्याच्या मध्यभागीं जो खांब पुरतात, त्यास आपण तिवडा किंवा मेढ म्हणतों. त्याच्या भोंवतीं बैलांची पात फिरे. आतां मळणीचीं यंत्रें आलीं. पुष्कळ तरुणांनीं तिवडा पाहिलाही नसेल. पण शब्द फार जुना आहे. ‘उवासगदसाओ’ या जैनांच्या अर्धमागधी ग्रंथांत आनंद नांवाच्या एका मोठ्या गृहस्थाचें वर्णन आहे. तो शेतीवाडी व गाईगुरें बाळगणारा होता. त्यास आपल्या कुटुंबाची ‘मेढी’ म्हटलें आहे. अर्थात् सारें घर ज्याच्या भोंवतीं फिरतें तो खळ्यावरचा खांब. मात्र तेथें याबरोबरच असेंही सांगितलें आहे कीं, राजे, सरदार व व्यापारी आपल्या कामांत, गुप्त मसलतींत व निर्णयांत त्याचा सल्ला पुन्हां पुन्हां विचारीत. जुन्या काळच्या लेखकास या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्या नाहींत. जो आधार आहे त्यास विचारावें, हें तो गृहीत धरून चालतो. आज आपणांस मेढ म्हणतात. पण निर्यात बंद करतांना, आयात खुली करतांना, धरणाचें पाणी वांटतांना त्या मेढीस कितीदां विचारतात?

येथवर वाचून आमचे वाचक माना डोलवीत असतील. म्हणून आतां थोडें कडू लिहितों. सरकारास व शहरास जो प्रश्न विचारावयाचा, तो आपल्या घरींही विचारला पाहिजे. वर खिळीची गोष्ट सांगितली. आपल्या संसाराची खीळ कोण आहे? पेरणीच्या वेळीं ओटींत बी घेऊन तिफणीमागें चालणारी, निंदणी, खुरपणी, वेचणी करणारी, गुरांचें शेणपाणी पाहणारी आणि त्यावर पुन्हां चूल सांभाळणारी घरची बाई. आपण तिला लक्ष्मी म्हणतों. ही आपल्या घरांतली ‘देशाचा कणा’ या तऱ्हेचीच भाषा आहे. सातबाऱ्यावर मात्र तिचें नांव बहुधा नसतें. असलें तर नवरा गेल्यावर चढतें. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हां महाराष्ट्रांतील पुष्कळ शेतकऱ्यांनीं आपल्या जमिनीचा कांहीं भाग बायकोच्या नांवें करून दिला. त्यांनीं आधाराचा शब्द कागदावर उतरविला. असे आपण किती जण आहों? सालदाराविषयींही हेंच. “हा आमच्या घरचाच माणूस” असें म्हणावें, आणि तो आजारी पडला म्हणजे रोज कापावा, हें ढिल्या दोराची वाखाणणी करणाऱ्या कप्तानासारखेंच आहे.

कोणी म्हणेल, शब्द झिजून गेले आहेत. बोलणारा इतका विचार करून बोलत नाहीं. त्याचा एवढा बाऊ कशाला? आमचें उत्तर असें कीं, झिजलेलें नाणें बाजारांत चालतें तोंवरच फसवणूक होते. जेथें विम्याचा पैसा वेळेवर मिळावयास हवा, जेथें खरेदी केंद्र वेळेवर उघडावयास हवें, तेथें जर एक गोड शब्द देऊन भागत असेल, तर देणारा तोच देईल. त्यास तो फुकट पडतो. शब्द नाकारावा असें आम्ही म्हणत नाहीं. तो खरा आहे, आणि खऱ्या शब्दावर शेतकऱ्याचा हक्क आहे. त्याचा हिशेब मात्र मागावा.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पुढच्या ग्रामसभेंत किंवा मेळाव्यांत कोणी आपणांस कणा म्हणेल, तेव्हां टाळ्या वाजवाव्या, पण त्यापूर्वीं एकानें उठून सभ्यपणें तीन प्रश्न विचारावे. या कण्यास पोसण्याचें काम कोणाकडे आहे? त्यास सल्ला विचारण्याची कांहीं रीत ठरली आहे काय? आणि भार अधिक झाला तर तो वांटून घेण्यास दुसरा दोर कोणता? उत्तर न मिळालें तरी चालेल. प्रश्न सभेच्या वृत्तांतांत लिहिला जावा. मग घरीं जाऊन तेच तीन प्रश्न आपल्या ओसरीवर, घरच्या बाईसमोर व सालदारासमोर, स्वतःस विचारावे. तेथें उत्तर देणें आपल्याच हातीं आहे.